दोन मानांचा मोर

फार वर्षांपूर्वी, आपल्या घाटात पायवाटेशिवाय दुसरा रस्ता नव्हता तेव्हा, धाकू चितारी नावाचा एक माणूस गावोगाव हिंडायचा. एका गावात जे पाही, ते पुढच्या गावच्या भिंतीवर काढी. त्याने काढलेल्या विहिरीपाशी उभं राहिलं की रहाटाची कुरकुर ऐकू येई, असं म्हणतात.

असाच तो घाट चढून आमच्या साळशेतला आला. बाया त्याला म्हणाल्या, "आम्ही समुद्र बघितला नाही. तेवढा दाखवा."

धाकूने चावडीच्या भिंतीवर बंदर काढलं. होड्या काढल्या, दोरीवर वाळत घातलेले बोंबील काढले. आणि एक कोळीण काढली, पाठमोरी, उंबऱ्यापाशी रांगोळी घालणारी. त्या रांगोळीत दोन मानांचा मोर होता.

बघणाऱ्या बाया भिंतीजवळ सरकल्या. तो मोर साळशेतच्या उंबऱ्याखेरीज कुठंच काढत नाहीत.

"हा कुठं पाहिलास, बाबा?" म्हाताऱ्या गोजराबाईने विचारलं.

"खाली बंदरावर. त्या बाईला म्हटलं, कुणी शिकवलं? तर म्हणाली, ठाऊक नाही, हात आपला तसाच वळतो. लहानपणी पुरात वाहत आलेली. कोळ्यांनी वाढवली तिला."

गोजराबाईची लेक सुंदरा लहानपणी अशीच नदीच्या पुरात गेली होती. दर वर्षी आई तिच्या नावाने पान वाढत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती धाकूबरोबर घाट उतरली. बंदरावरच्या त्या बाईने तिला ओळखलं नाही. गोजराबाईने उंबऱ्यापाशी बसून मोराची एक मान काढली आणि हात थांबवला. त्या बाईने तिच्या हातातली रांगोळी घेतली आणि दुसरी मान काढली. मोर पुरा झाला तेव्हा ही आपली आई, हे तिला कळलं.

त्याच घटकेला इकडे चावडीच्या भिंतीवरची पाठमोरी कोळीण वळली, असं म्हणतात. तिचं तोंड हुबेहूब तरुणपणीच्या गोजराबाईचं होतं.

सुंदरा पुढे माहेरी येत-जात राहिली. धाकू मात्र पुढच्या गावाला गेला, तो परत आला नाही.

आजही साळशेतला घर सारवताना दाराशेजारची हातभर भिंत मोकळी ठेवतात. परगावचा पाहुणा आला की त्याच्या हातात गेरू देतात आणि म्हणतात, "धाकूच्या नावानं तुमच्या गावचं काहीतरी काढा." पाहुणा काढतो. मग घरातली सगळ्यात म्हातारी बाई पुढे येते आणि त्या चित्रात आपलं कुणी आहे का, ते बघते.