बंद ढोलीचा निवाडा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द साधे आहेत, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

फार मागे, पाखरांचं न्यायालय भरत असे तेव्हा, एक तरुण धनेश तिथं मान खाली घालून उभा होता. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. मग फटीतून नर भरवेल तेवढंच तिचं अन्न. हा गडी दूरच्या उंबरावर मित्रांत रमला. परतला तेव्हा मादी अर्धमेली झाली होती आणि पिल्लू गेलं होतं.

"खुनी आहे, पंख छाटा! खालच्या रानात हाच कायदा," कावळा ओरडला.

"अहो, त्यानं चोच तरी लावली का? वरच्या रानात असल्याला सोडून देतात," पोपट म्हणाला.

न्यायाला बसलेल्या रानकोंबडी आजींनी दोघांना गप्प केलं. "वादळानं अडवलं होतं का रे तुला?"

"नाही, आजी."

"तिला बाहेर येता येत नाही, हे ठाऊक होतं?"

"होतं. लिंपायला माती मीच आणून दिली होती."

"मग तू खुनी नाहीस, पण निर्दोषही नाहीस. कड्यावरच्या ढोलीतल्या धनेशिणीचा नर आज शिकाऱ्यानं मारला. तिची पिल्लं उडेपर्यंत तिला तू भरवायचंस, आणि घरचंही चुकवायचं नाहीस."

कावळ्यानं आणि पोपटानं एकदमच मान डोलावली. धनेशाला शिक्षेचं ओझं वाटलं, पण आजींपुढं त्याची मान आदरानं लवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो कड्यावर गेला. फटीतून परकी चोच बाहेर आली. त्यानं तिच्यात फळ ठेवलं आणि दुसरं आणायला लगेच वळला.