समोर कोणीच नसताना

उगवतीकडच्या डोंगराळ मुलखात, खूप वर्षांमागे, एक पैलवान राहत होता. त्याच्याशी झुंजायला आता कोणी उरलं नव्हतं. त्याला एकच गोष्ट मिळवायची राहिली होती: गावच्या देवळापुढचं अंगण.

त्या अंगणात एक म्हातारी पोरांना 'ताई ची' नावाची चिनी व्यायामकला शिकवायची. खांदे सैल, गुडघे सैल, श्वास पोटात. सगळा भार एका पायावर घ्यायचा आणि मग रिकामा झालेला पाय मांजरीसारखा अलगद उचलायचा. सारं इतकं संथ, की बघणाऱ्याला जांभई यावी.

"काय आजी, हवेत कापूस पिंजताय का?" पैलवान येता-जाता विचारी.

"पिंजते बाबा. तुला उशी हवीय का?" म्हातारी म्हणे, आणि पोरं फिदीफिदी हसत.

गावची रीत अशी होती, की सुगी झाली की कोणीही अंगणावर हक्क सांगावा. दोघांनी समोरासमोर उभं राहून, हातांचे तळवे एकमेकांना लावून रेटायचं. ज्याचा पाय जागचा हलेल, त्याने अंगण सोडायचं. त्या वर्षी पैलवान पुढे झाला. पोरांचे चेहरे उतरले. आजी गेली म्हणजे सगळंच गेलं.

तळवे लागले. पैलवानाने रेटलं. वाळत घातलेल्या गोधडीला रेटावं तसं त्याला वाटलं. हात पुढे जात होते, पण काही लागतच नव्हतं. त्याने दातओठ खाऊन सारं अंग पुढे लोटलं. म्हातारीने कंबर जराशी वळवली.

पैलवान तोंडावर आपटला.

तोंडातली माती थुंकत तो ओरडला, "आजी, तुम्ही सरकलात!"

"पाय बघ की माझे."

त्याने पाहिलं. तिच्या पावलांभोवतीची धूळसुद्धा विसकटली नव्हती. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मग मला पाडलं कोणी?"

"तू माझ्यावर टेकला होतास. मी टेकू दिला नाही, इतकंच. आता मी बाजूला होते. तू नुसता उभा राहा. एका पायावर भार घे, दुसरा हळूच उचल."

एवढंच? पैलवानाने पाय उचलला. गुडघा लटलटू लागला. कोणाला तरी धरायला, कोणाला तरी ढकलायला त्याचे हात आपोआप पुढे गेले. समोर कोणीच नव्हतं. जन्मभर तो कोणाच्या तरी विरुद्धच उभा राहत आला होता.

तो पुन्हा पडला. या वेळी तर त्याला कोणी हातही लावला नव्हता! तो डोळे विस्फारून आपल्याच पायांकडे बघत राहिला. पोरंही हसली नाहीत.

"चल रे," त्याचे सोबती म्हणाले, "पुढच्या सुगीला बघू म्हातारीला."

जाणं सोपं होतं. बाहेर त्याला हरवणारा कोणी नव्हता. पण तो उठला आणि रांगेच्या शेवटी, सगळ्यांत धाकट्या पोरीच्या मागे जाऊन थांबला.

"आज काय शिकायचं, आजी?"

"उभं राहायला."

"आणि उद्या?"

"पडलास तर तेच. नाही पडलास तरी तेच."

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याला रेटताना जो भक्कम दिसतो, तो स्वतःच्या पायांवर उभा असेलच असं नाही, ते समोर कोणीच नसताना कळतं.