सीतेची वेणी

“हे बांडगूळच नव्हे का?” जांभळाच्या झुकलेल्या फांदीवर वाढलेल्या रोपावर कोयता रोखत भास्करने विचारलं.

“नाही,” द्वारका म्हणाली.

“दुसऱ्याच्या झाडावर बसलंय, आयतं खातंय. मग बांडगूळ नाही तर काय?”

भास्कर बहिणीला घरी न्यायला आला होता. सासर सोडून ती डोंगरावर माईंच्या मठात येऊन राहिली, हे त्याला अजून पचलं नव्हतं.

माई शिष्यांना पोथी शिकवत नसत. रानातल्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किडं, शोधायला पाठवत, तीही फुलं नसताना. फुललेली आमरी कुणालाही दिसते, असं त्यांचं म्हणणं. द्वारका यात सगळ्यांच्या पुढे होती आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं.

भास्करला चढायची सवय नव्हती. धाप लागली होती, पण तोंड चालू होतं.

“गावात तुला काय म्हणतात ठाऊक आहे? मठातलं बांडगूळ. मी मान खाली घालून ऐकतो.”

“वर करायची होतीस, दादा.”

माई पलीकडे दगडावर बसल्या होत्या.

द्वारकेने शेजारची फांदी खाली ओढली. “हे बघ बांडगूळ. मूळ फांदीत घुसलंय. तिथं गाठ आलीय, पुढचं लाकूड वाळलंय. आणि ही आमरी. सीतेची वेणी म्हणतात हिला. नुसती सालीला धरून असते. पाऊस पिते, धुकं पिते. झाडाचा थेंब घेत नाही.”

“तू म्हणतेस म्हणून?”

हे मात्र तिला झोंबलं.

“मग उपटून बघ. हिचं मूळ फांदीत गेलेलं निघालं, तर आत्ता तुझ्यामागून घरी येते. नाही निघालं, तर मला न्यायला पुन्हा हा डोंगर चढायचा नाही.”

“शब्द?”

“शब्द.”

भास्करने कोयता कमरेला खोचला आणि आमरी मुळाशी धरून ओढली. एक जाड, पांढुरकं मूळ सालीवरून तटतट सुटलं. खाली साल जशीच्या तशी होती.

द्वारकेचा चेहरा उजळला. “बघितलंस? आता सगळी उपट. मनात शंका नको राहायला.”

तेव्हा माई उठल्या. येऊन त्यांनी भास्करचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने आमरी सोडली.

“माई, ओढू द्या त्याला. मी जिंकतेय.”

“दिसतंय.”

सुटलेलं मूळ माईंनी पुन्हा सालीला टेकवलं आणि त्यावर तळवा ठेवून तशाच उभ्या राहिल्या...

द्वारकेचे डोळे भरून आले, ते रागानेच. “तो मला बांडगूळ म्हणतोय, माई. मी गप्प बसू?”

“गप्प बस म्हणतंय कोण?”

“मग त्याला पटवायचं कसं?”

माईंनी भास्करकडे पाहिलं. मग तिच्याकडे, आणि शेवटी तळव्याखालच्या आमरीकडे.

“त्यानं विचारलं म्हणून हिनं मूळ दाखवायचं?”