शंभर पोथ्या आणि एकच शेरा

कर्दळगडच्या पोथीशाळेच्या किल्ल्या कोणाला द्यायच्या, ते ठरवायला महाराजांनी एक काम सांगितले. गडावरच्या तलावाची हकीकत लिहायची, शेवटी वाचलेल्या पोथ्यांची यादी जोडायची आणि प्रत्येकीपुढे आपले मत लिहायचे.

नकलनविसाची मुलगी भामाही लिहिते आहे हे कळल्यापासून किल्ल्यांवर डोळा असलेल्या त्रिविक्रमशास्त्र्यांना जेवण गोड लागेना. महाराजांनी एकदा भर दरबारात तिचे कौतुक केले होते, ते त्यांना अजून सलत होते. तिच्यावर मात करायचीच म्हणून त्यांनी शंभर पोथ्यांची यादी केली आणि प्रत्येकीपुढे 'अगदी विश्वसनीय' असा शेरा मारला.

दरबारात दोन्ही याद्या वाचल्या गेल्या. भामाच्या यादीत सातच पोथ्या निघाल्या, तेव्हा शास्त्रीबुवांची कळी खुलली.

"पोरी, बाकीच्या पोथ्या उंदरांनी नेल्या का गं?"

"नाही, मला वाचायला वेळ लागतो," भामा खाली बघत म्हणाली. "माझ्या सातांतल्या दोन तुमच्याही यादीत आहेत, शास्त्रीबुवा. एकीत लिहिलंय, तलाव महाराजांच्या आजोबांनी बांधला. दुसरी म्हणते, त्यांनी जुन्या तलावावर नुसतं नाव कोरलं. तुम्ही दोन्ही विश्वसनीय म्हणता. मग खरी कोणती?"

महाराज शास्त्र्यांकडे पाहू लागले.

"ते... पोथ्या उघडून, नीट वाचून सांगतो," शास्त्रीबुवा पुटपुटले.

"अजून वाचायच्याच आहेत?" भामाने हळूच विचारले. "मग शेरा कोणाला विचारून लिहिलात?"

महाराजांनी किल्ल्या तिच्यापुढे धरल्या.