मास्तरांचा टेकू

"म्हणजे चूक माझ्या हातांची? पेटीची नाही?"

सर्वेश म्हापसेकरनं हे उभ्याउभ्याच विचारलं. मास्तरांनी पुढे सारलेल्या पाटाकडे त्यानं पाहिलंही नाही. पायाखाली निखारे असल्यासारखा तो ओटीवर या पायावरून त्या पायावर होत होता.

"मी तसं कुठे म्हटलं?" वालावलकर मास्तर म्हणाले. "वाजवताना तुझे हात कसे असतात, एवढंच विचारलं."

"हात राहू देत मास्तर. पेटी बघा."

पेटी म्हणजे बाजाची पेटी नव्हे बरं का. ही होती मॉड्युलर सिंथेसायझर. आवाज काढणारे, वाकवणारे, लांबवणारे सर्किटचे छोटे छोटे कप्पे एका खोक्यात बसवायचे, आपल्या मर्जीनं तारांनी एकमेकांना जोडायचे, आणि पट्ट्या दाबण्याऐवजी तांब्याच्या पत्र्यांवर नुसतं बोट टेकवायचं. बोट टेकलं की सूर. काखोटीला मारावी, बॅटरी घालावी, हवी तिथे मांडून बसावं.

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणं थांबल्यापासून मास्तर चराठे गावातल्या या घरात अशाच पेट्या बनवत होते. शिकायला पोरं यायची. सर्वेश त्यातला सगळ्यात हुशार, आणि आपण हुशार आहोत हे सगळ्यात आधी कळलेला.

त्याची पेटी होतीही तशीच देखणी. सावंतवाडीच्या चिताऱ्याकडून त्यानं खोक्यावर लाखेचं काम करून घेतलं होतं. लालभडक रंग, कडेनं सोनेरी वेल, आणि गंजिफाच्या पत्त्यांवर असतो तसा डाव्या अंगाला एक मत्स्यावतार. झाकण उघडलं की लोक आवाज यायच्या आधीच वाहवा करत. आता सांगा, अशा पेटीत खोट निघाली तर माणसाचा जीव किती जळेल!

"घरी वाजते," सर्वेश म्हणाला. "हे बघा."

त्यानं चार्जर भिंतीत खोचला, बोट टेकवलं. सूर आला, स्वच्छ आणि भरदार.

"आणि आता बॅटरीवर."

चार्जर काढला. बोट टेकवलं. पेटीतून नुसती खरखर आली. त्यानं बोट दाबलं, रगडलं, दुसऱ्या पत्र्यावर आपटलं. मध्येच एक किंकाळी फुटली, मग काहीच नाही.

"रत्नागिरीला हेच झालं. एवढे लोक समोर... आणि ही बया मुकी. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, दादा, रेडिओला स्टेशन लागत नाही काय? सगळा मांडव हसला."

मास्तर हसले नाहीत.

"मग काय केलंस?"

"काय नाही केलं ते विचारा! बॅटरी बदलली. जाड तारा टाकल्या. वाटलं, खारी हवा लागली असेल, म्हणून आतून रबर लावलं, बाहेरून लाखेचा आणखी एक हात दिला. वाऱ्यालासुद्धा आत शिरायला जागा नाही. तरी ही रड."

त्यानं घड्याळात पाहिलं. पुन्हा पाहिलं. संध्याकाळी तळ्याकाठच्या उघड्या मंचावर त्याचं वादन होतं. तिथे विजेची तार नाही, बॅटरीवरच वाजवायचं. आज फसलं तर पेटी माळ्यावर टाकायची आणि पुण्याची सोडलेली नोकरी पुन्हा धरायची, असं त्यानं सकाळी बायकोला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. ती नुसती मान हलवून आत गेली होती. त्याला तेच जास्त लागलं होतं.

"रत्नागिरीला अगदीच मुकी होती?" मास्तरांनी विचारलं.

"तसं नाही. अधूनमधून बोलायची."

"कधी?"

"तार बदलताना. डाव्या हातानं तार खोचत असलो की उजव्या बोटाखाली सूर यायचा. तार सोडून दोन्ही हात वाजवायला आणले, की गप्प."

"हं..."

"हं काय मास्तर? माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही हं करताय!"

मास्तर उठले. पेटीजवळ येऊन बसले. तारा खोचायच्या भोकांना पितळेची कडी होती, त्यातल्या एका कडीवर त्यांनी आपलं डावं बोट ठेवलं. उजव्या हातानं त्यांनी सर्वेशचा कान धरला. चांगला पिरगळून धरला.

"आई गं! मास्तर, हे काय?"

"ओरडू नकोस. वाजव."

सर्वेशनं बोट टेकवलं. सूर आला. चार्जर भिंतीत खोचल्यावर आला होता तसाच, भरदार.

मास्तरांनी कान सोडला. खरखर.

कान धरला. सूर.

सर्वेशचा चेहरा उतरला. काही झालं तरी इंजिनियरच तो, कळायला वेळ लागला नाही. पेटी भिंतीला जोडली की घरच्या वायरिंगमधून तिला जमीन, म्हणजे अर्थिंग, मिळत होती. बॅटरीवर ती अधांतरी, वाजवणाराही अधांतरी. बोट टेकलं आहे हे पेटीनं ओळखायचं कशावरून? माणसाचं अंग कुठेतरी पेटीच्याच धातूला लागलेलं हवं. एका हातानं वाजवायचं, दुसऱ्यानं तिला धरून ठेवायचं. तार खोचताना त्याचा हात नकळत कडीला लागत होता, तेवढ्यापुरती ती बोलत होती. आणि आता तीच जोड मास्तरांच्या अंगातून फिरून त्याच्या कानाच्या वाटेनं आली होती.

त्याची नजर फळीवर गेली.

तिथे मास्तरांची जुनी पेटी होती. फणसाच्या लाकडाची, ना रंग ना नक्षी. डाव्या अंगाला तांब्याची एक उघडी पट्टी, तळव्यानं घासून घासून लखलखीत झालेली. वाजवताना मास्तरांचा डावा हात कायम त्या पट्टीवर असे. पोरं त्याला मास्तरांचा टेकू म्हणत. म्हातारपण आलं, हात थरथरतो, म्हणून टेकू लागतो... हा विनोद सर्वेशनंच काढला होता. आपली पेटी बनवताना त्यानं पट्टी तेवढी मास्तरांची बघून बसवली, आणि मग टेकू आपल्याला कशाला, म्हणून तिच्यावर मासा रंगवून घेतला.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मग सांगितलं का नाही? तिकडे माझी अब्रू गेली मास्तर, भर मांडवात!"

"तू विचारलं नव्हतंस."

"पण तुम्ही बघत होतात!"

"तूही बघत होतास," मास्तर म्हणाले. "आणि हसत होतास."

सर्वेशनं हात कानाला लावला. कान अजून दुखत होता.

पण तेवढ्यावर थांबेल तर तो सर्वेश कसला. दोन फेऱ्या मारल्या आणि गडी पुन्हा सुरू.

"एक हात पेटीला देऊन टाकला, तर वाजवू काय? लोक माझे दोन्ही हात बघायला येतात. दोन्ही हातांनी एवढं वेगानं वाजवणारा दुसरा कोणी नाही इकडे."

"मग?"

"तार बांधतो. कडीपासून पायापर्यंत. अंग जोडलेलं राहील, हात मोकळे."

"बांध," मास्तर म्हणाले.

सर्वेशनं एक तार सोलली. एक टोक कडीला अडकवलं, दुसरं घोट्याला गुंडाळलं. पाटावर बसला, एकदाचा. दोन्ही हात पत्र्यांवर आणले.

पेटी बोलली! असे सूर सुटले की अंगणातली कोंबडी माडाच्या आळ्याकडे पळाली. सर्वेशच्या डोळ्यांत पाणी आलं. हात धावायला लागले, उजवा पुढे, डावा मागे, मग डावा पुढे. मान हलायला लागली. गुडघा हलायला लागला. पाय ताल धरायला लागला.

तार सुटली. खरखर.

त्यानं पुन्हा बांधली, घट्ट. पुन्हा वाजवलं. पाय पुन्हा नाचला, आणि तार आता दुसऱ्या टोकाला निसटली.

तिसऱ्या खेपेला त्यानं पाय दुसऱ्या पायाखाली दाबून धरला. आता सगळं लक्ष पायाकडे. पाय राहिला, सूर गेला. दोन्ही हात उगीच चुकायला लागले.

तो थांबला. 

मास्तर पानाचं तबक घेऊन बसले होते. सुपारी कातरता कातरता त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. "शेवटी कोणाच्या हातात आहे ते महत्त्वाचं," एवढंच काहीतरी पुटपुटले, तेही बहुधा अडकित्त्याबद्दल.

सर्वेशनं घोट्याची तार सोडली. डावं बोट कडीवर टेकवून पाहिलं, पण तारांच्या गर्दीत एवढ्याशा कडीवरून ते सारखं घसरत होतं. हत्यारांच्या डब्यातून पटाशी काढली. पेटीच्या डाव्या अंगावर तिची धार टेकवली आणि तसाच बसून राहिला. मत्स्यावताराचा डोळा चिताऱ्यानं एका केसाच्या कुंचल्यानं काढला होता. तो काढताना सर्वेश शेजारी श्वास रोखून बसला होता.

"मास्तर, दुसरीकडे कुठे..."

"पट्टी दुसरीकडे बसवलीस का तू?"

नव्हती बसवली.

त्यानं पटाशी चालवली. लाखेच्या लाल कपच्या ओटीवर पडायला लागल्या. आधी शेपटी गेली, मग खवले. डोळ्याशी आला तेव्हा त्यानं तोंड फिरवलं आणि हात चालू ठेवला. खालून तांबं निघालं, कोरं आणि गुलाबी.

त्यानं डावा तळवा पट्टीवर ठेवला. थंडगार. उजवं बोट पत्र्यावर टेकवलं.

सूर आला.

एकच सूर. त्याला सवयीनं पुढे पळायचं होतं, पण धावायला एकच हात होता, आणि एका हाताला कुठे कुठे जाता येणार? बोट तिथेच राहिलं. सूर लांबत गेला, भिंतीला लागून परत आला, आणि सर्वेशला आपल्याच पेटीचा आवाज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकू आला. गुडघा कधी हलायचा थांबला ते त्याला कळलंही नाही.

मास्तरांनी अडकित्ता खाली ठेवला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मित्र न्यायला आला होता. सर्वेश दचकला आणि लगेच सगळं पुन्हा सुरू झालं. घड्याळ बघितलं, तारा गोळा केल्या, झाकण लावलं, एक चप्पल उलटी घातली. मास्तरांच्या पाया पडला तोही अर्धवट. पेटी काखेत मारून धावत अंगण ओलांडलं.

बेड्याशी, फाटकाजवळ, जाऊन थांबला. तिथूनच परत फिरला. लाखेचा चुरा अजून बोटांना होता.

"मास्तर..."

"आता काय?"

"सगळे ओळखीचे असतील तिथे. बायको पण येणार आहे." त्याला धाप लागली होती. "आणि ऐन वादनात... पुन्हा बंद पडली तर?"

मास्तर केरसुणी घेऊन ओटीवरच्या लाल कपच्या गोळा करत होते. वाकल्यावाकल्याच बोलले.

"तर तू हात काढून घेतला असशील."