दोराच्या दुसऱ्या टोकाची कहाणी

ऐका प्रभुराया, तुमच्या घंटेच्या दोराची कहाणी.

आटपाट नगर होतं. नगराच्या कडेला ख्रिस्ती माणसांची एक आळी होती. त्या दिवशी आभाळ तव्यासारखं तापलं होतं. वारा पडला होता, लिंबाचं पान हलत नव्हतं, माळावर ऊन नुसतं थरथरत होतं. अशा उन्हाचा शांतवन म्हातारा अंगणात बसला होता. पुढ्यात दोर वळायचा घायपाताचा वाख पडलेला, आणि हात मांडीवर.

शांतवन दोर वळी. त्याची बायको सारू दुसरं टोक धरी. दोराचं काम एकट्याचं नाही. एकानं पीळ भरावा, एकानं टोक ताणून धरावं. पीळ भरला की दोर आखडतो, मग धरणाऱ्यानं एकेक पाऊल पुढं यावं. पाऊल लवकर पडलं तर दोर सैल, उशिरा पडलं तर दोर तुटतो. सारूचं पाऊल कधी चुकलं नाही. सकाळी अंगणाच्या त्या टोकाला उभी असे, चालत चालत दुपारी शांतवनच्या गुडघ्याशी येई. मग म्हणे, "आले बाई एकदाची." तो हसे.

त्यांना एक लेक झाली होती. ती पाळण्यातच गेली. तिला मातीकडे नेलं, त्या दिवशी देवळाच्या घंटेचा कुजका दोर तुटला, घंटा मुकी राहिली. मग सारूनं वसा घेतला. दरसाल उपासाच्या दिवसांत घंटेला नवा दोर वळायचा. प्रभूला क्रुसावर दिलं त्या उत्तम शुक्रवारी घंटा गप्प असते, तेव्हा जुना सोडायचा. पुनरुत्थानाच्या पहाटे नवा बांधायचा. वळताना भांडायचं नाही, दोर मातीला टेकवायचा नाही, मोल घ्यायचं नाही. सुखात उतायचं नाही, दुःखात टाकायचं नाही.

असं पुष्कळ वर्षं चाललं. मग एका थंडीत सारूला ताप भरला. जाताना म्हणाली, "दोर चुकवू नका." मग ती गेली.

मग शांतवनची प्रार्थना अडली. बसे, डोळे मिटी, "हे प्रभू" म्हणे, पुढं शब्द येत नसे. भाकरी घशाखाली उतरेना. देवळात मागं जाऊन बसे, गाणं सुरू झालं की उठून येई. उपासाचे दिवस आले, सरत आले. वाख तसाच.

पाळकसाहेब आले. म्हणाले, टोक मी धरतो. शांतवन म्हणाला, नको. भजनाची मंडळी आली. म्हणाली, आम्ही धरतो. शांतवन म्हणाला, नको. मग शेजारची हौसा आली. ही विधवा, तोंडाची फटकळ, हाताची मऊ. तिचा नवरा गेला तेव्हा सारूच तिच्या उशाशी बसली होती. म्हणाली, मामा, मी धरते. शांतवन म्हणाला, नको, ती सारूची जागा आहे. हौसा रागावली. "मग खुंटीला बांधा. खुंटी काही बोलायची नाही," म्हणाली, आणि गेली.

शांतवनला ते पटलं. त्यानं टोक खुंटीला बांधलं, पीळ भरला. दोर आखडला, खुंटी हलेना, दोर तुटला. मग लिंबाच्या बुंध्याला बांधलं. दोर आखडला, लिंब हलेना, दोर तुटला. मग उत्तम शुक्रवार आला. जुना दोर उतरवला. शांतवन उरला वाख घेऊन देवळाशी गेला, दाराच्या कडीला टोक बांधलं. म्हणाला, हे तरी प्रभूचं दार आहे. दोर आखडला, दार हलेना, तिथंही दोर तुटला.

मग शांतवन पायरीवर बसला. म्हणाला, "सारूला नेलंस ते नेलंस. वसा तरी माझ्यापाशी कशाला ठेवलास?" मग त्यानं मनात धरलं, वाख चुलीत घालायचा, पुन्हा इथं यायचं नाही.

हौसा आडावरनं घागर घेऊन येत होती. तिनं तुटका दोर पाहिला. "मामा, दार कधी चालत पुढं येतं का?" म्हणाली.

शांतवन हसला नाही. "माझ्यात बळ नाही, हौसा. प्रभूकडे मागितलं, त्यानं दिलं नाही."

हौसानं घागर उतरवली, पदरानं तोंड पुसलं. मग हळू बोलली. "प्रभू क्रूस घेऊन चालला, तेव्हा वाटेत त्याचंही बळ सरलं. रानातनं येणाऱ्या एका परक्या माणसानं क्रुसाला खांदा दिला. प्रभूनं नको म्हटलं का?"

"नाही," शांतवन म्हणाला.

"मग तुम्ही कोण मोठे लागून गेलात?"

"पण ती सारूची जागा," तो म्हणाला. त्यावर हौसानं एक उत्तर दिलं. ते शेवटी सांगेन. ते ऐकून शांतवन उठला, वाख उचलला, तिच्या हाती टोक दिलं.

मग दोघं वळू लागली. पहिल्यांदा हौसाचं पाऊल लवकर पडलं, दोर सैल झाला. तो म्हणाला, थांब. दुसऱ्यांदा उशिरा पडलं, दोर करकरला. तो म्हणाला, ये. तिसऱ्यांदा बरोबर पडलं. त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते. मग तोंडून "हे प्रभू" आलं, आणि मागनं पुढचे शब्दही आले. हौसा चालत चालत त्याच्या गुडघ्याशी पोचली. "आले बाई एकदाची" हे बोलणं सारूचं होतं, ते तिनं घेतलं नाही.

मग पुनरुत्थानाची पहाट झाली. नवा दोर बांधला, घंटा वाजली. मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरींकडे गेली. शांतवननं सारूपाशी एक लावली, लेकीपाशी एक लावली. सारू काही परत आली नाही. घर रिकामं ते रिकामंच. पण त्या दिवशी भाकरी घशाखाली उतरली.

जसं शांतवनला प्रभूनं बळ दिलं, दुसऱ्याच्या हातानं दिलं, तसं तुम्हां आम्हां देवो. घेतला वसा हातून सुटू लागला, तर दुसरं टोक धरणारं कुणी पाठवो. ही साठां उत्तरांची कहाणी शेजारणीच्या एका उत्तरी सुफळ झाली. ते उत्तर असं:

"मामा, मामीची जागा मी घेत नाही. ती तिथंच राहू द्या. मी नुसती तिच्या शेजारी उभी राहते. वळा तुम्ही."