निजलेल्याच्या गळ्यातली वीणा

चिंचटाकळीत सखोजी महाराजांचा मुक्काम होता, तेव्हा नदीपलीकडच्या गावांत पटकीने माणसे पटापट मरत होती. चितांचा धूर इकडून दिसे. घाबरलेल्या गावाने देवळात महाराजांच्या पायाशी सप्ताह मांडला. सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही, तार थांबू द्यायची नाही. पहारा संपला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. तार थांबली की पटकी नदी ओलांडणार, हे जो तो धरून बसला होता.

सिदबा धनगराने दुपारचा पहारा मागून घेतला, तेव्हा सप्ताह उभा करणारे भगवंतराव देशमुख सर्वांदेखत हसले. "रात्रभर मेंढरं राखणारा हा! उभ्या उभ्या पेंगेल आणि गाव बुडवील."

सिदबालाही नेमकी तीच भीती होती. तो महाराजांकडे गेला.

"महाराज, मला झोपंतबी वीणा ऐकू येती. हीच तार, हाच ठेका. मी जागा हाय का निजलोय, तेच उमगंना. तार थांबली अन् मला कळलंच न्हाई तर?"

"तुझ्या कानी वाजते आहे ना? मग भिऊ नकोस," महाराज म्हणाले. "मी जागा आहे."

पाचव्या दिवशी सिदबाचा पहारा संपला. पुढचा भगवंतरावांचा होता, पण ते मुद्दामच आले नाहीत. धनगराला पेंगताना पकडून, तार थांबायच्या आत वीणा हिसकावून त्याची फजिती करायची होती ना! मंडळी जेवायला पांगलेली. तार छेडता छेडता सिदबाचे डोळे मिटले आणि पाठ खांबाला टेकली.

भगवंतराव दबक्या पावलांनी आले, तर वीणा वाजतच होती! त्यांनी वाकून पाहिले. सिदबा गाढ झोपला होता, हात खाली लोंबत होता, आणि तार आपली आपण झंकारत होती. भगवंतरावांच्या अंगावर काटा आला. तरी अभिमान सुटेना. त्यांनी वीणा ओढून आपल्या गळ्यात घातली आणि तार छेडली.

आवाज नाही! तार थरथरताना दिसत होती, ऐकू मात्र काहीच येत नव्हते. त्यांनी जोराने छेडली, पुन्हा छेडली. बोटातून रक्त आले. देवळात इतकी शांतता झाली की नदीपलीकडचा आक्रोश कानी येऊ लागला. भगवंतरावांना घरची दोन नातवंडे आठवली.

"महाराज! माझ्या हातून थांबली हो!"

महाराज दारातच उभे होते. "थांबली नाही. त्याच्या कानी अजून वाजते आहे. जिथली तिथे ठेवा."

भगवंतरावांनी वीणा निजलेल्याच्या गळ्यात घातली, आणि तार झंकारली. काय ती कृपा!

सिदबाला जाग आली तेव्हा देशमुखांचे डोके त्याच्या पायांवर होते. तो दचकला. "मालक! तार थांबली का वं?"

"नाही रे बाबा," भगवंतराव रडत म्हणाले. "तू निजला होतास, म्हणून नाही थांबली."